जीरूला ऑफिसात नेण्याचे पावणेचार महिने

आमच्या कुत्रीचं पूर्ण नाव जीरावन. इंदूरबाहेरच्यांसाठी सांगते, पोह्यांवर भुरभुरवतात तो मसाला. पिल्लू होती तेव्हा पांढऱ्या अंगावर कुणी चिमूटभर जीरावन उडवावं तसे तपकिरी ठिपके होते, म्हणून मुलाने ठेवलेलं नाव. सुदामा नगरात एका बंद दुकानाच्या पायरीखाली सापडलेली, अस्सल गावठी, वय साडेचार, वजन सतरा किलो. एवढं आधीच सांगते कारण पुढे प्रत्येक कागदावर मला हेच लिहावं लागलं. आणि ‘जात’ या रकान्यात ‘गावठी’ लिहिलं की समोरचा माणूस एकदा मान वर करून माझ्याकडे बघायचा.

एप्रिल २०२४ मध्ये सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नणंदेकडे पुण्याला गेल्या. ‘दोन महिन्यांत येते’ म्हणाल्या होत्या. (अजून तिथेच आहेत. पुण्याची हवा मानवली म्हणतात. आमच्या मते नातवंडं मानवली.) त्या असेपर्यंत जीरू घरात एकटी अशी कधी राहिलीच नव्हती. नवरा सकाळी सातला पीथमपूरच्या बसमध्ये बसतो, मुलगा भोपाळला शिकतो, मी साडेनऊला निघते ती सातला परत. पहिल्या आठवड्यात तिने दाराची चौकट कुरतडली. दुसऱ्या आठवड्यापासून रडायला लागली. वरच्या मजल्यावरचा मुलगा ‘नीट’ची तयारी करत होता, ५ मेला त्याचा पेपर. त्याची आई एका संध्याकाळी खाली आली आणि फार सभ्यपणे म्हणाली, “भाभी, वो दिन भर ऐसे रोती है जैसे कोई गुज़र गया हो.” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिवसा कुत्री सांभाळणारी एक जागा शोधली, दिवसाचे साडेचारशे. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण जीरूने तीन दिवस पाण्याशिवाय काही तोंडात घेतलं नाही. चौथ्या दिवशी बाईंनीच फोन करून सांगितलं की हिला इथे नका आणू, हिचे हाल होतात. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं की हिला ऑफिसातच नेलं तर?

आमची कंपनी विजय नगर भागात आहे, सॉफ्टवेअरची, एक्केचाळीस माणसं, इमारतीचा चौथा मजला. मी अकाउंट्समध्ये नऊ वर्षं आहे. ३ जून, सोमवारी मेल लिहिला. फार मनापासून लिहिला, म्हणजे फार लांब लिहिला, आणि तीच पहिली चूक. दुसरी चूक म्हणजे ‘रोज’ मागितलं. तुम्ही मागाल तेव्हा आठवड्याचे दोन दिवस मागा. ‘रोज’ वाचलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कुत्र्यांचा कळपच उभा राहतो. तिसरी चूक तारखेची. ४ जूनला लोकसभेचा निकाल होता, त्या दिवशी ऑफिसात कुणी स्वतःचे मेलसुद्धा वाचले नाहीत.

१० जूनला एचआरच्या मुलीने बोलावलं. ती पंचविशीतली, घरी दोन मांजरी, त्यामुळे माझ्या बाजूची. तिने सरांना विचारलं होतं, आणि सर ‘नाही’ म्हणाले नव्हते. फक्त म्हणाले होते, “पहले काग़ज़ पूरे करो.” तर कागद असे: लसीचं पुस्तक आणि डॉक्टरचं प्रमाणपत्र, नगर निगमाकडच्या, म्हणजे पालिकेच्या, कुत्रा-नोंदणीची पावती, इमारतीच्या मालकाची लेखी परवानगी, काही झालं तर जबाबदारी माझी असं स्टॅम्पवर हमीपत्र, आणि सगळ्या सहकाऱ्यांची संमती. ही यादी ऐकून मी मनात दोन आठवडे धरले होते.

निगमाची नोंदणी आधीच केलेली होती. पावती शोधायलाच दोन दिवस लागले. सापडली ती सासूबाईंच्या पोथीत, खूण म्हणून घातलेली. तुम्ही आजच पावतीचा फोटो काढून ठेवा.

सहीचं पान १२ जूनला फिरवलं. मी स्वतः, टेबलाटेबलापर्यंत जाऊन, मोबाइलवर जीरूचे फोटो दाखवत. अडतीस सह्या मिळाल्या, तीन जण म्हणाले नको. एक्केचाळीसपैकी अडतीस! घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, झालंच समज काम. या पानाचं पुढे काय झालं ते येईलच.

मधल्या काळात एचआरवालीला कुठेतरी दिसलं की जूनमध्ये ‘कुत्रा ऑफिसात आणा’ असा एक दिवसच असतो. अमेरिकेत पाळीव प्राणी सांभाळणाऱ्यांच्या संघटनेने १९९९ मध्ये सुरू केलेला, जूनमधल्या फादर्स डेनंतरचा शुक्रवार. त्या वर्षी तो आला २१ जूनला. तिचं म्हणणं, त्याच दिवशी जीरूला आणू, सगळ्यांना मजा वाटेल आणि परवानगीही पटकन मिळेल. पण २१ जून म्हणजे योग दिन. सरांनी सकाळी सातला सगळ्यांना गच्चीवर बोलावलेलं, चटया भाड्याने आणलेल्या. वर त्या दिवशी वटपौर्णिमा. इथल्या बाकीच्या बायकांचं वटसावित्रीचं व्रत अमावस्येलाच झालेलं, त्यामुळे उपास असलेली मी एकटीच, आणि रिकाम्या पोटी सूर्यनमस्कार घालत होते. कुत्र्यांच्या दिवसाचं नाव कुणी काढलं नाही. आज वाटतं, बरं झालं. माहीत नसलेल्या जागी एक्केचाळीस माणसांच्या घोळक्यात तिला एकदम नेली असती तर ती तरी घाबरली असती नाहीतर माणसं तरी.

त्याच सुमारास सरांनी विचारलं की कंपनीला याचा फायदा काय? मी जरा वाचलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चिनीमातीची भांडी विकणारी एक कंपनी आहे, तिथे लोक कुत्री घेऊनच कामाला येतात. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे केलेला अभ्यास २०१२ मध्ये छापून आला. कुत्रा सोबत असलेल्यांनी दिवस सरताना ताण कमी झाल्याचं सांगितलं, इतरांचा वाढत गेला. कपबशांच्या कंपनीत कुत्री चालतात तर आमच्या लॅपटॉपांत का नाही, असं मी जोरात मांडलं. पण त्याच अभ्यासात लाळेतलं ताणाचं हार्मोनही तपासलं होतं आणि त्यात असा फरक दिसला नव्हता. हेही सांगितलं, कारण सर शोधून काढणार हे नक्की होतं. ते म्हणाले, “मतलब लोगों को लगा, नापने पर नहीं निकला.” मी म्हटलं, “जी सर.” त्यांनी मान हलवली. माझ्या मते त्या ‘जी सर’चा उपयोगच झाला. फायदे फुगवून सांगितले असते तर बाकीच्या कागदांवरचा विश्वासही गेला असता.

२४ जूनला इमारतीच्या मॅनेजरकडे गेले. तिथे मी थोडी तोऱ्यात गेले हे कबूल करते. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं पत्रक छापून नेलं होतं. पाळीव कुत्र्यांना बंदी करता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, त्यातल्या ओळी पिवळ्या करून. मॅनेजरने चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाला, “मैडम, ये तो सोसायटी वालों का है. रहने वालों का. ये ऑफ़िस है.” त्याचं बरोबर होतं. घरच्या लिफ्टचा हक्क ऑफिसच्या लिफ्टला लागू होत नाही. इथे मालकाच्या मर्जीचा प्रश्न, आणि मर्जी कायदा दाखवून मिळत नाही. कागद पर्समध्ये घातला आणि विचारलं, तुमची अडचण नेमकी कशाची? तेव्हा कळलं की खालच्या मजल्यावर लहान मुलांचा दवाखाना आहे, पुढची लिफ्ट सतत लेकुरवाळ्या बायांनी भरलेली असते. मी मागच्या सामानाच्या लिफ्टने, मुसकं बांधून, सव्वानऊच्या आत आणते म्हटलं. तो म्हणाला मालकांना विचारतो. मालक परदेशात. लेखी उत्तर यायला तीन आठवडे लागले, १५ जुलैला आलं. त्यात सामानाची लिफ्ट आणि मुसकं, दोन्ही माझ्याच शब्दांत होतं.

हमीपत्राची गंमत वेगळीच. कंपनीच्या वकिलांनी मसुदा दिला. त्यात भारतीय दंड संहितेचं कलम २८९, म्हणजे आपल्या ताब्यातल्या जनावराबाबत निष्काळजीपणा. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. २७ जूनला ई-स्टॅम्प काढला, टाइप करून घेतलं, नोटरी केली, साडेसातशे रुपये गेले. आणि १ जुलैपासून देशात नवा कायदा लागू झाला. वकिलांचा निरोप आला की दंड संहिता आता नाही, भारतीय न्याय संहिता म्हणा, कलम २९१ म्हणा, परत करून आणा. कैद तेवढीच, दंड मात्र पाच हजारांपर्यंत. पुन्हा साडेसातशे. नोटरीवाला मला ओळखायला लागला. दुसऱ्या वेळी त्याने विचारलं, “ये जीरावन नमकीन का बिज़नेस है क्या?”

जुलैत डॉक्टर. रेबीजची वार्षिक लस मेमध्येच झाली होती. बाकीच्या एकत्रित लशीचा बूस्टर राहिला होता. पावसाळ्याचे दिवस, उंदरांच्या मुतातून होणाऱ्या लेप्टोची लस त्यातच येते, तेव्हा ती टाळू नका. जंताचं औषध, गोचिडांसाठी चावायची गोळी, सगळं मिळून २,१५० रुपये. प्रमाणपत्राचे ३००. ऑफिसला हवं होतं ‘स्वभाव शांत आहे, चावत नाही’ असं लिहिलेलं. डॉक्टरांनी साफ नकार दिला. म्हणाले, ती निरोगी आहे हे लिहितो, नसबंदी झाली आहे हे लिहितो, लशी लिहितो. चावणार नाही हे मी माझ्या बायकोबद्दलही लिहून देणार नाही. हे वाक्य मी एचआरला जसंच्या तसं सांगितलं नाही. पण तिला मुद्दा पटला आणि स्वभावाच्या प्रमाणपत्राऐवजी तीन शुक्रवार चाचणीचे ठरले.

आता ते सहीचं पान.

एचआरवाली लहान असली तरी हुशार. १५ जुलैनंतर सगळे कागद जमले तेव्हा ती म्हणाली, “दीदी, आपने खुद घूम के साइन लिए. आपके मुँह पर कौन मना करेगा?” तिने २२ जुलैला चिठ्ठ्या घेतल्या, नाव न लिहिता, एका जुन्या मिठाईच्या डब्यात. तीनाचे सात ‘नको’ झाले. म्हणजे फोटो बघून ‘कित्ती गोड’ म्हणत सही करणाऱ्यांपैकी चार जण मनातून नको म्हणत होते. मला राग आला, मग लाज वाटली. चिठ्ठ्यांवर कारणं होती. एकीला दमा. एकाने लिहिलं होतं, माझ्या जेवणाच्या डब्याजवळ नको. एकाची विनंती, ज्या कोपऱ्यात नमाज पढतो तिथे येऊ नये. एकाचं म्हणणं, गणपतीच्या देव्हाऱ्याकडे फिरकू नये. दोघांनी काही कारण दिलं नव्हतं. आणि सातव्या चिठ्ठीवर मराठीत, वळणदार अक्षरात, एकच शब्द होता: ‘भीती’.

आमच्या ऑफिसात मराठीत लिहिणारी माणसं दोनच. एक मी.

काका माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. सगळं ऑफिस त्यांना काकाच म्हणतं, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. नऊ वर्षांत त्यांनी माझ्या चुका निस्तरल्यात, मी त्यांच्या एक्सेलच्या. १२ जूनला त्यांनी सही केली होती, इतकंच नाही तर ‘छान आहे गं’ म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पोह्यांच्या गाडीवर त्यांना विचारलं. म्हणाले, “सही नाही कशी करणार? तू समोर उभी होतीस.” मग प्लेट बाजूला ठेवून सांगितलं. देवासला असताना, सात वर्षांचे, शाळेतून येताना कुत्रं मांडीला चावलं. चौदा दिवस, रोज बेंबीभोवती एक इंजेक्शन. वडील हात धरायचे, कंपाउंडर पाय. “कुत्रं आठवत नाही मला,” काका म्हणाले, “ते टेबल आठवतं. पण कुत्रं दिसलं की पोट आखडतं.”

मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली ती जुनी लस. भारतात तिचं उत्पादन २००४ च्या अखेरीला थांबलं. आता दंडातच देतात, चार-पाच सुया. हे मी त्यांना सांगायला लागले आणि मध्येच थांबले, कारण त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

एचआरने सुचवलं की काकांना जीरू येईल त्या दिवसांपुरतं दुसऱ्या टोकाला बसवू. मलाही आधी तेच सोपं वाटलं होतं हे लपवत नाही. पण कुत्री माझी, तर उठायचं मी. मागे जुन्या फायलींची खोली आहे. एसी नाही, खिडकी आहे, दार बंद होतं, सामानाच्या लिफ्टसमोरच आहे. तिथे टेबल टाकलं. दमेकरी मुलगी, डबे, नमाजाचा कोपरा, देव्हारा, सगळ्यांची सोय त्या एका खोलीने झाली. दोन महिने मी इमारतीशी, वकिलाशी झगडत होते, आणि ही खोली पहिल्या दिवसापासून तिथेच होती.

एवढं झाल्यावर वाटलं सुटलो. तर झाडलोट करणाऱ्या दीदीने जिन्यात गाठलं. “मैडम, सबसे पूछा. बाल कौन झाड़ेगा, ये किससे पूछा?” सहीच्या पानावर एक्केचाळीस नावं होती. दोन्ही दीदी ठेकेदाराची माणसं, म्हणून त्यांची नावंच नव्हती. दीदी रागावलेली नव्हती, तिला फक्त उत्तर हवं होतं. ठरलं ते असं: ती खोली त्या दिवशी मी झाडणार, मीच पुसणार, झाडू-फडकं वेगळं आणि माझ्या पैशाने. तुम्ही हे करायला निघालात तर संमतीची सुरुवात इथूनच करा.

घाणीचं मात्र दीदीलाच विचारावं लागलं. इंदूरात कुत्रीने रस्त्यावर घाण केली आणि मालकीण तशीच पुढे गेली, असं करून बघा एकदा. पिशवीत उचलणं मला सवयीचं, पण ऑफिसात ती टाकायची कशात? आमच्या कचरागाडीला सहा खण: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक, सॅनिटरी. ओल्यात टाकायला जात होते, दीदीने हात धरला. तिने गाडीवरच्या भियाला विचारून सांगितलं, कागदात गुंडाळून सॅनिटरीत. तेव्हापासून तसंच.

२ ऑगस्ट, पहिला शुक्रवार. सर्वात मोठा प्रश्न जायचं कसं हा होता. आयबसमध्ये प्रश्नच नाही, ॲपवरच्या दोन टॅक्सीवाल्यांनी कुत्रं पाहून गाडी न थांबवताच नेली. शेवटी चौकातला एक रिक्षावाला तयार झाला, सीटवर चादर माझी, एका फेरीचे २२०. जाऊन-येऊन ४४०. नवरा म्हणाला, “सांभाळणाऱ्या बाईचे साडेचारशे होते. दहा रुपये वाचले की.”

जीरू दिवसभर टेबलाखाली थरथरत राहिली. जीभ बाहेर, पाण्याला तोंड लावलं नाही. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, आणला होता ३,८०० रुपयांचा, त्यात गेली नाही. तिच्या खालची घरची जुनी गोधडी क्रेटमध्ये घातल्यावर दुपारी तीनला गेली. गोधडी आधी नेली असती तर? धुऊ नका मात्र, न धुतलेलीच न्या. थोडं स्थिरावतेय असं वाटलं आणि साडेचारला खाली कचरागाडी आली. व्यापारी भागात ती दुपारनंतरही येते हे मी विसरले होते. घरी रोज सकाळी गाडीवरचं गाणं लागलं की जीरू मान वर करून सुरात सूर मिळवते, आम्हाला त्याचं कौतुक. इथे पलीकडच्या खोलीत ग्राहकाबरोबर व्हिडिओ कॉल चालू होता. गाणं संपेपर्यंत ती थांबली नाही. ग्राहकाने विचारलं म्हणे, तुमच्याकडे कोल्हे आहेत का? आता मी सव्वाचारला तिला मागच्या गल्लीत फिरवायला नेते, गाडी जाईपर्यंत.

९ ऑगस्ट, नागपंचमी. या खेपेला जीरू शांत होती, माणसं उत्साहात होती. कुणाचा तरी वाढदिवस, आणि एका मुलाने प्रेमाने चॉकलेट पेस्ट्रीचा तुकडा तिला भरवला. मी पाणी प्यायला गेले होते तेवढ्यात. चॉकलेट कुत्र्यांना विषारी, तशीच द्राक्षं आणि मनुका, तसाच कांदा-लसूण. डॉक्टरांना फोन केला, वजन सांगितलं, तुकडा केवढा आणि चॉकलेट काळं होतं की दुधाचं ते सांगितलं. ते म्हणाले लक्ष ठेवा, उलटी किंवा थरथर झाली तर आणा. काही झालं नाही, पण त्या मुलाचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता. चूक त्याची नव्हती, मी कुणाला सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी दारावर कागद लावला: ‘मला काही खायला देऊ नका, मी जेवून आले आहे.’ हिंदीत आणि मराठीत. मराठीतला काकांसाठी, जरी ते त्या दारापर्यंत येत नव्हते.

१६ ऑगस्टला ती दिवसभर झोपली. सांगण्यासारखं काही नाही.

मग पत्र येईल म्हणून वाट पाहिली. सप्टेंबरात गणपती, सगळं ऑफिस आरती आणि मोदकांत. १७ तारखेला अनंत चतुर्दशी, रात्रभर गिरण्यांच्या झांक्या म्हणजे चित्ररथ, ढोल, शहर जागं. जीरूला बाथरूममध्ये पंखा आणि रेडिओ लावून घेऊन बसले होते. परवानगीचं पत्र २३ सप्टेंबरला हातात पडलं. मंगळवार आणि शुक्रवार, फक्त मागची खोली, सामानाची लिफ्ट, मुसकं फक्त ये-जा करताना, लसीची नवी नोंद झाली की प्रत आठवड्याच्या आत, कुणाचीही लेखी तक्रार आली की परवानगी थांबेल, मुदत ३१ मार्च २०२५. रिक्षा सोडून एकूण खर्च ९,१५० रुपये. गाद्या, भांडी, झाडू आणि अंगावरचे केस काढायचा रोलर त्यातच आला.

बाकीचे दिवस कसे भागवता असं सगळे विचारतात. बुधवारी नवऱ्याला सुट्टी असते. सोमवारी आणि गुरुवारी वरच्या मजल्यावरचा तो ‘नीट’वाला मुलगा दुपारी तिला खाली नेऊन आणतो, फेरीचे शंभर रुपये. तो यंदा पुन्हा परीक्षा देतोय, म्हणाला अभ्यासातून उठायला कारण मिळतं. तिचं रडणं थांबलंय.

काकांनी अजून तिला हात लावलेला नाही आणि लावावा असं मला वाटतही नाही. मंगळवारी-शुक्रवारी ते पाणी प्यायला पुढून वळसा घालून जातात, मी सव्वाचारला निघण्याआधी त्यांच्या फोनवर एक मिस्ड कॉल देते. व्हाउचरवर सही हवी असली की मी फाइल घेऊन त्यांच्याकडे जाते, जाण्याआधी साडीवरून रोलर फिरवते. काल त्यांचा मेल आला, नेहमीच्या कार्यालयीन मराठीत: ‘मंगळवारी लेखापरीक्षक मागील खोलीत जुन्या फायली पाहण्यास बसणार आहेत. कुत्रीस त्या आठवड्यात गुरुवारी आणावे. माझी हरकत नाही.’ जीरूचं नाव घालून लिहिलं नाही अजून. मी वरच्या मुलाला गुरुवारी येऊ नको म्हणून कळवलं, आणि रिक्षावाल्याला दिवस बदलून सांगितला.